ड्यून पुन्हा येतोय : किडा दिसला, टॉवेल दिसेल का?

उंटावरचा शहाणा
१० सप्टेंबर २०२०, रात्री ११:४२

काल नव्या 'ड्यून' सिनेमाचा ट्रेलर आला. तीन मिनिटांचा आहे. मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही, कारण बायकोही इथली सदस्य आहे.

ज्यांना ड्यून म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. फ्रँक हर्बर्टची कादंबरी, १९६५ सालची. ॲराकिस नावाचा ग्रह. पाऊस नाही म्हणजे नाहीच. जिकडेतिकडे वाळू, वाळूच्या पोटात आगगाडी गिळतील असे किडे आणि त्याच वाळूत मिळणारा 'मसाला'. हा मसाला खाल्ल्याशिवाय अवकाशयान हाकणाऱ्यांना वाट दिसत नाही, म्हणजे ज्याच्या ताब्यात ॲराकिस त्याच्या हातात सगळ्यांच्या नाड्या. बादशहा हा ग्रह अट्रेइडीज घराण्याला आंदण देतो, पण ते आंदण नसतं, सापळा असतो. घराणं बुडतं. पोरगा पॉल आणि त्याची आई जेसिका वाळवंटात पळतात आणि तिथल्या फ्रेमेन लोकांच्या हाती लागतात. पुढचं सांगत नाही.

मी ती १९९८ साली फाउंटनच्या फुटपाथवरून ४० रुपयांना घेतली. मुखपृष्ठ नाही, मागची पानं फाटलेली. गोष्ट पुरी होती, गेली होती ती शब्दांच्या अर्थांची यादी. अशी यादी असते हेच मला दहा वर्षांनी कळलं. तोवर गोम जब्बार, क्विसाट्झ हॅडेरॅक, सीच वगैरे सगळं मी अंदाजपंचे दाहोदरसे लावत बसलो होतो. खरं सांगू, त्यातच मजा आली. परक्या गावात उतरल्यावर कोण तुम्हाला शब्दकोश देतो?

आता मुद्दा. ट्रेलरच्या शेवटी किडा दिसतो. सगळं इंटरनेट किड्यावर फिदा आहे. किडा छानच आहे, पण किड्याचं काय, पैसे ओतले की किडा येतो. मला टॉवेल पाहिजे.

ज्यांनी वाचलंय त्यांना कळलं असेल. ॲराकिसच्या वाड्यात मेजवानीची जुनी रीत अशी : दारात पाण्याची घंगाळं. आत येणारा प्रत्येक पाहुणा त्यात हात बुडवणार, दोनचार पेले पाणी मुद्दाम फरशीवर सांडणार, टॉवेलला हात पुसणार आणि तो टॉवेल त्याच थारोळ्यात भिरकावणार. जेवणं उरकली की बाहेर भिकारी जमतात आणि त्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी पितात. नवा ड्यूक लेटो ही रीत बंद करतो. त्या एका परिच्छेदात हर्बर्टने अख्खा ग्रह सांगितला आहे. युद्ध नाही, यान नाही, फक्त एक ओला टॉवेल.

दिग्दर्शक डेनी विल्नव्ह माझा आवडता आहे. त्याचा 'अरायव्हल' मी तीनदा पाहिला. पण ट्रेलर पाहून शंका येते की वाळू भव्य दिसेल, तहान दिसेल का? तुम्हाला काय वाटतं? १८ डिसेंबरची तारीख दिली आहे. करोनात बंद पडलेली थिएटरं तोवर उघडली तर.

चष्मेबहाद्दर
११ सप्टेंबर २०२०, सकाळी ८:०५

+१ टॉवेलला.

पण ट्रेलरमधलं गाणं कोणी नीट ऐकलं का? पिंक फ्लॉइडचं 'इक्लिप्स', हान्स झिमरने नव्याने बांधलेलं. ही निवड उगाच नाही. सत्तरच्या दशकात आलेहांद्रो खोदोरोव्स्की नावाचा एक अवलिया ड्यून करायला निघाला होता. बादशहाच्या भूमिकेत साल्वादोर दाली, खलनायक बॅरनच्या भूमिकेत ऑर्सन वेल्स, संगीताला पिंक फ्लॉइड! दालीने म्हणे तासाला १ लाख डॉलर मागितले. चित्रं काढायला मोबियस, एच. आर. गीगर, ख्रिस फॉस अशी फौज बसवली होती. अख्ख्या सिनेमाचं चित्रमय बाड तयार झालं, ते घेऊन हॉलिवूडच्या दारोदार फिरले, कोणी पैसे दिले नाहीत. सिनेमा झालाच नाही. पण त्या फौजेतले डॅन ओ'बॅनन आणि गीगर पुढे 'एलियन'मध्ये भेटले. न जेवलेल्या पंगतीतून दुसऱ्याच घरची जेवणावळ उठली म्हणायची.

त्यामुळे ४५ वर्षांनी ड्यूनच्या ट्रेलरला पिंक फ्लॉइड वाजतं तेव्हा आमच्यासारख्यांच्या अंगावर काटा येतो. झिमरने या सिनेमासाठी नोलनचा 'टेनेट' सोडला, हेही नोंदवून ठेवा.

जुनाट
११ सप्टेंबर २०२०, दुपारी १:३०

सगळे १९८४ च्या ड्यूनला नावं ठेवायला टपलेले असणार, म्हणून मी आधीच हजेरी लावतो. डेव्हिड लिंचचा तो सिनेमा मी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून पाहिला होता. व्हीसीआर भाड्याचा, रात्री १२ पर्यंत परत करायचा होता. मला काहीही कळलं नाही आणि मी तो आजतागायत विसरलेलो नाही.

मान्य आहे, फसलेला आहे. साधारण ४ कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत त्यातले ३ कोटीच्या आसपास परत आले. पात्रं मनातल्या मनात कुजबुजत असतात आणि आपण ती कुजबुज ऐकत बसायचं. थिएटरात शिरताना प्रेक्षकांच्या हातात शब्दार्थांचा छापील कागद देत असत. (शहाणेसाहेब, तुमची हरवलेली यादी तिकडे वाटत होते.) पॅट्रिक स्टुअर्ट कडेवर पग कुत्रं घेऊन लढाईत उतरतो. स्टिंग जवळजवळ उघडा फिरतो. पण अट्रेइडीजांचे वैरी हार्कोनेन, त्यांच्या घरची ती हिरवट, रोगट, तेलकट दुनिया बघा. ट्रेलरमध्ये मला सगळं फार स्वच्छ वाटलं. राखाडी, देखणं, इस्त्री केलेलं. लिंचचा सिनेमा आजारी होता, पण जिवंत होता.

लिंचला शेवटचा हात फिरवू दिला नाही हेही लक्षात घ्या. पुढे टीव्हीसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून त्याने स्वतःचं नाव काढून टाकलं.

उंटावरचा शहाणा
११ सप्टेंबर २०२०, दुपारी २:१५

जुनाटराव, सगळं माफ, पण शेवटचा पाऊस माफ नाही. लिंचच्या सिनेमात पॉल जिंकतो आणि ॲराकिसवर धो धो पाऊस पडतो. कादंबरीत पाणी हे किड्यांना विष आहे, आणि मसाला त्या किड्यांच्याच जीवनचक्रातून येतो. पाऊस पडला की किडे मेले, किडे मेले की मसाला संपला, मसाला संपला की साम्राज्य बसलं. नायकाच्या सन्मानार्थ पाऊस पाडून त्यांनी पुस्तकाचं मूळच भिजवून टाकलं.

जुनाट
११ सप्टेंबर २०२०, दुपारी २:२०

ते खरंय. तिथे मीही कपाळाला हात लावला होता.

गुळपोळी
११ सप्टेंबर २०२०, संध्याकाळी ६:५१

मी वाचलेली नाही. वाळवंटी ग्रह, अंगी शक्ती असलेला पोरगा, दुष्ट साम्राज्य... हे स्टार वॉर्स नाही का? आणि सिनेमाआधी वाचावी का?

चष्मेबहाद्दर
११ सप्टेंबर २०२०, संध्याकाळी ७:१०

ताई, उलट आहे. स्टार वॉर्स १९७७ चा. पुस्तक त्याच्या १२ वर्षं आधीचं. म्हणून आता नव्या ड्यूनची पंचाईत अशी की मूळ गाणं लोकांना रिमिक्स वाटणार.

वाचाच. पहिली १०० पानं जड जातात, दात धरून काढा. नंतर तुम्हाला खाली ठेववणार नाही.

कोरडवाहू
१२ सप्टेंबर २०२०, रात्री १२:४०

धागा वाचून राहवलं नाही. मी लातूरचा. हे पुस्तक मी २०१६ च्या उन्हाळ्यात वाचलं, तेही योगायोगाने. पुण्याहून सुट्टीला घरी आलो होतो, मित्राने बॅगेत कोंबलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीला १० टँकर, एकेकात ५० हजार लिटर. टीव्हीवाले स्टेशनावर. आमच्या गल्लीत तेव्हा नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. आईचं गणित ठरलेलं : तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी संडासात, आंघोळ परातीत बसून, परातीतलं पाणी तुळशीला नाही (साबण असतो) तर दारातल्या लिंबाच्या झाडाला. पाहुणे आले की तांब्या पुढे करण्याआधी आई अर्धा सेकंद थांबायची. कोणाला कळायचंही नाही. मला कळायचं.

अशा घरात माडीवर पडून मी वाचतोय की वाड्याच्या आवारात खजुराची २० झाडं आहेत, एका झाडाला रोज ४० लिटर पाणी लागतं, माणसाला ८ लिटर पुरतं. म्हणजे एक झाड म्हणजे पाच माणसं. वीस झाडं म्हणजे शंभर माणसं. आणि रस्त्यावरून जाणारे लोक त्या झाडांकडे कसे बघतात, हे आतून बघणाऱ्याला दिसतं. मी पुस्तक मिटून खाली गेलो आणि लिंबाच्या झाडाकडे बघत उभा राहिलो. हे सायन्स फिक्शन आहे असं मला त्या दिवशी तरी वाटलं नाही.

स्टिलसूटबद्दल पण बोला कोणीतरी. अंगाचा घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून पुन्हा प्यायला देणारा पोशाख. ट्रेलरमध्ये सगळे नाक-तोंड उघडं टाकून फिरताना दिसतात. आमच्याकडे उन्हात जाताना बाया डोक्यावर पदर आणि तोंडाला फडकं घेतात, तेवढं तरी करा म्हणावं. पॉल झालेल्या तिमोथी शालामेचा चेहरा दाखवायचाय, समजू शकतो.

उंटावरचा शहाणा
१२ सप्टेंबर २०२०, सकाळी ७:३०

कोरडवाहू, तुमच्या प्रतिसादासाठीच हा धागा काढला होता असं आता वाटतंय. त्या अर्ध्या सेकंदाला साष्टांग.

हर्बर्टची सुरुवातही अशीच जमिनीवरून झाली. १९५७ साली तो ओरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावी गेला होता. तिथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या सरकत यायच्या, रस्ते-घरं गिळायच्या, आणि सरकारी शेतकी खातं गवत लावून त्यांना थोपवत होतं. त्यावर लेख लिहायला गेला. तो लेख राहिला बाजूला, पण वाळू डोक्यात शिरली ती शिरलीच. सहा वर्षांनी 'ॲनालॉग' मासिकात ही गोष्ट क्रमशः येऊ लागली. पुस्तक करायला वीसहून जास्त प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी छापलं ते चिल्टनने, जे मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखले जायचे. गॅरेजमधून निघालेलं ह्युगो आणि नेब्युला विजेतं पुस्तक!

शब्दवेडी
१३ सप्टेंबर २०२०, सकाळी १०:२२

मला शब्दांबद्दल बोलायचंय. मराठी माणसाला हे पुस्तक इंग्रज वाचकापेक्षा जास्त ओळखीचं वाटतं, हे कोणाच्या लक्षात आलंय का? बादशहाची पदवी 'पादिशाह'. आपण बखरींमध्ये पातशाही, पातशहा वाचत मोठे झालो. फ्रेमेन टोळीचा म्होरक्या स्टिलगार, त्याचा हुद्दा 'नायब'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे कातळातल्या गुहेत बसलेला नायब तहसीलदार आला, समोर सातबाराची बंडलं. तो काही केल्या जात नाही. आणि बेने जेसेरिट (जेसिका ज्यातली आहे तो बायकांचा गूढ पंथ) बायकांचं शरीरावर ताबा मिळवण्याचं शिक्षण? 'प्राण-बिंदू'! नस न् नस, स्नायू न् स्नायू. हर्बर्टने अरबी, फारसी, हिब्रू, संस्कृत सगळीकडून शब्द उचललेत, आणि वीस हजार वर्षांनी भाषा अशाच घासून गुळगुळीत होऊन येतील असं ते वाटतं.

म्हणून ट्रेलरमधली एक गोष्ट खटकली. पॉल 'क्रूसेड' येतंय म्हणतो. पुस्तकात पानोपानी 'जिहाद' आहे. १९६५ साली तो शब्द इंग्रजी वाचकाला फक्त परका होता, आज तो वेगळंच काही ऐकवतो, हे मान्य. पण क्रूसेड म्हणजे शब्दाची बाजूच उलटली की. फ्रेमेनांची भाषा, त्यांची प्रार्थना, त्यांचा महदी (तारणहार), सगळं त्या संस्कृतीतून घ्यायचं आणि नेमका एक शब्द दाराबाहेर ठेवायचा?

ता.क. पॉल भीती घालवायला म्हणतो तो मंत्र वाचताना आणखी कोणाला आजी आठवली का? अंधारात परसदारी जायचं झालं की ती मला भीमरूपी म्हणायला लावायची. परीक्षा म्हणून पॉलचा हात त्या वेदना देणाऱ्या पेटीत असतो आणि तो मनात मंत्र घोळवतो, तेव्हा माझ्या ओठांवर भीमरूपीच येतं.

भोचक भवानी
१३ सप्टेंबर २०२०, दुपारी १२:०३

सगळं ठीक आहे, पण गोष्ट शेवटी तीच ना? बाहेरून आलेला गोरा राजपुत्र, तिथल्या लोकांपेक्षा तिथलं सगळं दोन वर्षांत जास्त चांगलं शिकतो आणि त्यांचा तारणहार बनतो. २०२० मध्ये हे अजून किती वेळा बघायचं?

चष्मेबहाद्दर
१३ सप्टेंबर २०२०, दुपारी १:४४

भवानीताई, प्रश्न रास्त आहे, पण हर्बर्ट तुमच्याच बाजूचा आहे. (पुढच्या भागाचं रहस्य फुटतंय, ज्यांना नको त्यांनी थेट खाली जावं.)

तारणहाराची ही भविष्यवाणी फ्रेमेनांमध्ये कोणी पेरली? बेने जेसेरिट बायकांनी, शेकडो वर्षं आधी, आपल्यापैकी कोणी तिथे अडकलीच तर उपयोगी पडावी म्हणून. म्हणजे देव येण्याआधी देव्हारा तयार होता. पॉलला हे माहीत असतं, तरी तो त्यात जाऊन बसतो. लोकांना तो नायक वाटला म्हणून १९६९ साली हर्बर्टने 'ड्यून मसाया' लिहिली. तिथे पॉल स्वतःच हिशोब मांडतो : त्याच्या नावाने चाललेल्या युद्धात ६१ अब्ज माणसं मेली. वाचक त्यावर रागावले, आमच्या हिरोचं हे काय केलंत म्हणून! माणसाला मखरात बसवायची घाई काही आपल्याकडेच असते असं नाही.

विल्नव्हची खरी परीक्षा ही आहे. शालामे दिसायला इतका गोड आहे की त्याची भीती वाटणं कठीण.

भोचक भवानी
१३ सप्टेंबर २०२०, दुपारी १:५८

बरं. मग वाचते. पण गोड आहे हे मान्य.

उंटावरचा शहाणा
६ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:१०

झालं. पुढे ढकलला. १ ऑक्टोबर २०२१.

गुळपोळी
६ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:३५

माझं २१२ वं पान चालू आहे. मला वेळ मिळाला!! इतरांसाठी वाईट वाटतं.

बॉस्टनचा बंडू
१२ डिसेंबर २०२०, सकाळी ६:१५

इकडची खबर. ड्यून काढणाऱ्या वॉर्नर कंपनीने जाहीर केलंय की २०२१ चे त्यांचे सगळे १७ सिनेमे अमेरिकेत थिएटरात लागतील त्याच दिवशी घरबसल्या बघायच्या एचबीओ मॅक्सवर पण येतील. ड्यूनही त्यात. परवा विल्नव्हने 'व्हरायटी'त खरमरीत पत्र लिहिलं. त्याला ही गोष्ट बातम्यांतून कळली म्हणे. या धोरणात सिनेमाबद्दल प्रेम नाही आणि प्रेक्षकांबद्दलही नाही, असं सरळ म्हटलंय.

मला खरं तर सोयीचं आहे. दोन लहान मुलं, सोफ्यावर बसून बघता येईल. पण मला त्याचं पटलं. तीन वर्षांहून जास्त काळ एक माणूस खपतो, जॉर्डनच्या वादी रममध्ये, अबू धाबीच्या वाळूत कॅमेरे घेऊन हिंडतो, ते मी मुलाच्या दुधाची बाटली गरम करताना पॉज करून बघायचं?

चष्मेबहाद्दर
१२ डिसेंबर २०२०, सकाळी ११:००

मला त्याहून मोठी काळजी आहे. हा अर्धाच सिनेमा आहे. पुस्तकाचा पूर्वार्ध. उत्तरार्धाला अजून कोणी हिरवा कंदील दिलेला नाही. याच माणसाचा 'ब्लेड रनर २०४९' बघा : छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, समीक्षक खूश, गल्ल्यावर मात्र बोंब. तसंच झालं तर आपण जन्मभर पॉल आणि जेसिकाला वाळवंटाच्या तोंडाशी उभं करून बसणार. सातारला निघालेली एसटी खंबाटकीत बंद पडल्यासारखं.

परवाच टेनेट पाहून आलो. नोव्हेंबरपासून अर्ध्या खुर्च्यांवर थिएटरं चालू आहेत, पण माझ्या शोला आम्ही सातजण होतो. त्यातला एक झोपला होता. अशा दिवसांत दुसरा भाग कोण मंजूर करणार?

जुनाट
१२ डिसेंबर २०२०, दुपारी ४:२०

२००० साली टीव्हीवर तीन भागांत आली होती की मालिका. गोष्ट पुरी सांगितली होती. पडदे रंगवलेले कळत होते, पण गोष्ट पुरी होती. हे आपलं सांगून ठेवतो.

नहरवाला
२० फेब्रुवारी २०२१, रात्री १०:३३

धागा उशिरा सापडला. औरंगाबादहून.

पुस्तकात 'कनात' येतो, म्हणजे पाण्याचा कालवा. हर्बर्टने तो उघडा कालवा म्हणून वापरलाय. मूळ इराणी कनात जमिनीखालून जातो, म्हणजे उन्हाने पाणी उडत नाही. वाळवंटाच्या पुस्तकात हीच गोष्ट उलटी का केली देव जाणे. आमच्याकडे नहर-ए-अंबरी त्याच जातीची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत (म्हणजे आमच्याच गावात, तेव्हाचं नाव) आणलेलं पाणी, जमिनीखालून, मधे मधे हवेसाठी आणि सफाईसाठी मनोरे. लहानपणी आम्ही त्या मनोऱ्याला कान लावायचो. आत पाणी वाजायचं.

आणि मलिक अंबर कोण? हबसाणातून (आजचं इथिओपिया) गुलाम म्हणून विकला गेलेला पोर. परक्या कोरड्या मुलखात येतो, तिथलं पाणी आणि तिथली लढाई दोन्ही शिकतो आणि मुघलांच्या मोठमोठ्या फौजांना गनिमी काव्याने जेरीस आणतो. भवानीताई, तुमचा गोऱ्या राजपुत्राचा आक्षेप मला पटतो, पण बाहेरून आलेला पाणी शिकतो ही गोष्ट आमच्या गावात घडलेली आहे. फक्त तो राजपुत्र नव्हता आणि गोरा तर नव्हताच.

शब्दवेडी
२१ फेब्रुवारी २०२१, सकाळी ८:४७

कान लावायचो, आत पाणी वाजायचं. वा. यावर वेगळा धागा काढा, विनंती नाही, आज्ञा.

उंटावरचा शहाणा
२७ सप्टेंबर २०२१, दुपारी १२:१२

धागा वर काढतोय, कारण असा योग पुन्हा नाही.

मधल्या काळात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये थिएटरं पुन्हा बंद झाली. आपल्यातले दोन सदस्य गेले. त्यांपैकी एकाने या धाग्यावर नुसतं 'वाट बघतोय' एवढंच लिहिलं होतं, ते मी मुद्दाम वर जाऊन पाहिलं.

ड्यूनची तारीख जूनमध्ये पुन्हा सरकली, आता २२ ऑक्टोबर. भारतातही तीच. आणि परवा राज्य सरकारने जाहीर केलं की महाराष्ट्रात थिएटरं उघडणार २२ ऑक्टोबरपासून. मी दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. क्विसाट्झ हॅडेरॅक (पुस्तकातला तो सगळं दिसणारा महापुरुष) कोण असेल तो असो, त्याने मंत्रालयात काहीतरी हलवलंय.

व्हेनिसच्या महोत्सवात दाखवून झालाय. परीक्षणं मी वाचत नाहीये. कोणी इथे रहस्य फोडलं तर संपादकांना सांगून आयडी उडवीन.

गुळपोळी
२७ सप्टेंबर २०२१, दुपारी १२:४०

वाचून झाली. दोनदा. तिकीट काढणार. मेजवानीचा प्रसंग असेल ना हो?

उंटावरचा शहाणा
२२ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:०५

आलो.

आधी दारातली गोष्ट. लसीचं प्रमाणपत्र दाखवलं, तापमान मोजलं, मग रखवालदाराने पिशवी तपासून पाण्याची बाटली काढून घेतली. बाहेरचं पाणी आत चालत नाही म्हणाला. टेबलावर तशा पंधरावीस बाटल्या ओळीने उभ्या होत्या, अर्ध्या, पाऊण, भरलेल्या. ड्यूनच्या पहिल्या दिवशी पहिल्या शोला. मी त्याला समजावून सांगणार होतो, पण मागे रांग होती.

एक सोडून एक खुर्ची. दीड वर्षाने अंधारात बसलो. मास्क लावून अडीच तास, म्हणजे माझा स्वतःचा श्वास मलाच परत मिळत होता, तेव्हा स्टिलसूटबद्दल माझी आता तक्रार नाही. सिनेमाच्या नावाखाली 'भाग पहिला' असं आलं तेव्हा हॉलमध्ये 'अरे?' असा सामुदायिक उद्गार निघाला. हे कोणी सांगितलंच नव्हतं ना जाहिरातीत.

स्टिलगार ड्यूकसमोर येतो आणि टेबलावर थुंकतो. अंगातलं पाणी भेट दिलं, तो मान आहे. ड्यूकची माणसं हात शस्त्राला घालतात, ड्यूकचाच योद्धा डंकन सगळ्यांना थांबवतो. हा प्रसंग मी तेवीस वर्षं मनात बघत होतो. नेमका तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, 'दंड भर!' अख्खं थिएटर हसलं. मीही.

गुळपोळीताई, टॉवेल नाही. मेजवानीच नाही, पूर्ण उडवलीय. मी चिडून बसलो होतो.

पण कोरडवाहू, तुमची झाडं आहेत. एक म्हातारा माळी भर उन्हात खजुरांना पाणी घालतोय. पॉल त्याला विचारतो, तो हिशोब सांगतो : एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. वीस झाडं, शंभर जीव. मग काढून टाकायची का, असं पॉल विचारतो. नको नको म्हणतो म्हातारा, पवित्र आहेत. जुनं स्वप्न आहे. एवढंच. मिनिटभराचा प्रसंग. पुढे ती झाडं जळताना दिसतात. तिथे संगीत थांबलं असतं तरी चाललं असतं, झिमरसाहेब जरा जास्तच दणदणाट करतात.

कुजबुज नाही. पाऊस नाही. शालामे एकदोनदा खरंच भीतीदायक वाटतो. जुनाटराव, तुमची तक्रार बरोबर निघाली, सगळं फार इस्त्रीचं आहे. दुसरा भाग मिळायलाच हवा, नाहीतर खंबाटकी.

कोरडवाहू
२२ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:३०

उद्या दुपारचा शो, सोलापूरला जाऊन बघतोय. आईला पण नेतोय. तिला फक्त झाडांचं सांगितलंय.

जुनाट
२२ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:४१

पग आहे का?

उंटावरचा शहाणा
२२ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:४२

नाही.

जुनाट
२२ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:४२

मग विचार करतो.

उंटीण
२२ ऑक्टोबर २०२१, रात्री १०:१६

नमस्कार मंडळी. या आयडीवरून पहिलाच प्रतिसाद. वर्षभर धागा वाचत होते. ट्रेलर एकतीस वेळा, मी मोजलंय, त्यातले चार वेळा रात्री दोन वाजता हेडफोन न लावता. आणि ज्या माणसाने या धाग्यावर ओल्या टॉवेलावर एवढं लिहिलं, तो रोज आंघोळ झाली की स्वतःचा ओला टॉवेल गादीवर टाकतो. तेवढं नोंदीत असू द्या.